समोरून शिकलेला डाव

शिवतला घाट,
गुरुवार, दुपार

प्रिय निरुपम भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? अनिमाचा खोकला थांबला का, की अजून तुम्हा दोघांनाही झोपू देत नाही? आमच्या परसात अडुळसा माजला आहे. कोणी न्यायला आलं तर टोपलीभर पानं देईन. (पोस्टाने पाठवायला मी काही वैद्य नाही.) मी बरी आहे. खाते, झोपते, वाचनालयातून पुस्तकं आणते आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन ओरडते, त्याने पचन चांगलं राहतं.

पत्राला कारण असं काही नाही. रविवारी योगमाया शील्डचा शेवटचा सामना आहे. एका बाजूला आमचा नवारुण संघ आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही शिकवता तो नदीपलीकडचा जाह्नवी क्लब. पूर्वी असा सामना आला की शनिवारी तुम्ही पाचच्या लाँचने यायचात, ‘वहिनींच्या हातची लुची खायची इच्छा झाली’ म्हणायचात आणि कढईतून काढलेली गरम लुची खाता खाता मान वाकडी करून माझ्या भाजीच्या टोपलीत बघायचात. तुमचे दादा लगेच टोपलीवर गमछा टाकायचे. दोघं सख्खे भाऊ, पण काय ती चोरटी नजर! माघात दादांच्या श्राद्धाला आलात, त्यानंतर तुमचं पाऊल या घाटाला लागलेलं नाही. त्या घरात पाय ठेववत नाही, असं तुम्ही म्हटल्याचं कानावर आलं. मला तर त्या घरात राहावंच लागतं, त्यामुळे मी हा प्रश्न स्वतःला विचारलेला नाही.

इकडची बातमी म्हणजे, दादांच्या मागे नवारुणला प्रशिक्षक नाही. एक आणला होता, त्याने पोरांना आठवडाभर नुसतं धावायला लावलं आणि नवव्या दिवशी स्वतःच आला नाही. चिटणीस कुंडूबाबू म्हणतात, दुर्गापूजेच्या आत लीगच्या कचेरीत प्रशिक्षकाचं नाव द्यावं लागतं, आणि तेही शिकलेल्या, कागद असलेल्या माणसाचं. नाही दिलं तर पुढच्या मोसमात संघ लीगमध्ये नाही. दादांनी जन्मभर उभा केलेला संघ शील्डच्या फोटोत राहील आणि मैदानात शेळ्या चरतील. हा अर्थात तुमचा विषय नाही. सहज लिहिलं.

तोवर मी सांभाळते आहे. हसू नका. पोरं आपणहून आली. आमचा गोलकीपर हाबुल (तोच, बॅटरीची रिक्षा चालवतो) म्हणाला, “काकी, काका आम्हाला डाव तुमच्या स्वयंपाकघरात शिकवायचे. तुम्ही सगळं ऐकलंय. तुम्हीच सांगा.” मी म्हटलं, ऐकलंय खरं, पण फोडणी देताना. तर म्हणतो, “मग फोडणीतलं तरी सांगा.”

तुम्हाला माहीतच आहे ती पद्धत. सामन्याच्या आदल्या दिवशी दादा जमिनीवर भाज्या मांडायचे. वांगं म्हणजे गोलकीपर, कारण ते जागचं हलत नाही. बटाटे बचावाला, परवल मधल्या फळीत, आणि पुढे मिरच्या. डाव ठरेपर्यंत मला विळी उघडायची परवानगी नसे. जो खेळाडू संघातून वगळला त्याची भाजी आधी चिरायची, मग उरलेल्यांचं सकाळी. एका मोसमात बचाव इतका वाईट होता की आम्ही आठवडाभर बटाट्याचा दम खाल्ला. अजूनही पोरं दारातून आत आली की आधी विळीकडे बघतात. आमचा डावखुरा रफिकुल तर उंबऱ्यावरूनच विचारतो, “काकी, मला चिरलं का?” मी म्हणते, अजून नाही, पण वागणूक सुधार.

मी केवळ ऐकीव ज्ञानावर राहिले असं समजू नका. वाचनही केलं. फुटबॉलवरची पुस्तकं वाचनालयात दोनच आहेत आणि एकात नुसती चित्रं आहेत. पण मुरमुऱ्यांच्या पुडीवर मला एक फार चांगला लेख सापडला. बचावाच्या फळीने एका दमात पुढे सरकायचं, म्हणजे समोरचा मागे एकटा राहतो, ऑफसाइड ठरतो आणि पंच झेंडा वर करतो. इतकं सोपं, की दादांनी मला कधी का सांगितलं नाही याचा थोडा रागच आला. पहिल्या फेरीत चारही बटाट्यांना सांगितलं, मी हात वर केला की पुढे. मी हात वर केला, ते पुढे गेले. पंचाने झेंडा वर केला नाही. आता काय करायचं, हे त्या लेखात पुढे लिहिलेलं असणार, पण लेख पुडीच्या चिकटवलेल्या कडेपाशी संपत होता. दोन गोल झाले. (मुरमुरेवाल्याकडे उरलेला अर्धा लेख मागायला गेले, तर तो त्याने चण्यांना वापरला होता.) तो सामना कसाबसा तीन–दोनने जिंकला, पण तेव्हापासून मी अर्धवट वाचलेलं अमलात आणत नाही.

आता उपांत्य सामन्याचं सांगते, कारण तुमच्या कानावर ते तिखटमीठ लावून आलं असेल. समोर बालक समिती होती. त्यांचा उजवा बचावपटू गुंड आहे, आणि तो रफिकुलच्या घोट्याचा विचार करून आला होता, हे सगळ्या गावाला माहीत. शनिवारी मी भाज्या मांडल्या. मी चुलीपाशी, माझ्या रोजच्या पाटावर. पोरं समोर, दादा बसायचे त्या बाजूला. लाल मिरची डाव्या हाताला ठेवून म्हटलं, रफिकुल, हा तू. हिरवी उजव्या हाताला, हा मंटू. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी विचारलं, समजलं ना? सगळ्यांनी माना हलवल्या. (माना हलवणारी पोरं हा एक वेगळा विषय आहे. लग्नात बघितलेल्या माना आणि या माना, दोन्हींवर विश्वास ठेवू नये.)

रविवारी सामना सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत बालक समितीचा तो गुंड वेड्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. त्याला रफिकुल सापडेना. रफिकुल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून तो आत वळला आणि त्याच्या त्या एकमेव कामाच्या डाव्या पायाने असा चेंडू मारला, की गोलकीपरने टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. मैदान उठलं. कुंडूबाबू माझ्याशी पहिल्यांदाच आदराने बोलले. म्हणाले, “वहिनी, डावखुऱ्याला उजवीकडे! हल्ली परदेशात असंच खेळतात म्हणे. तुम्ही हे कुठे वाचलंत?”

मी मैदानाकडे नीट बघितलं. रफिकुलच नव्हे, सगळा संघ उलटा उभा होता. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, जणू आरशातला नवारुण.

भाऊजी, तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला तिथे, त्या ऊन लागलेल्या बाकावर कळलं. मी चुलीकडून मांडलं आणि त्यांनी पलीकडून बघितलं. माझा डावा हात म्हणजे त्यांचा उजवा. आणि मग दुसरी गोष्ट कळली, ती जास्त अवघड होती. इतकी वर्षं दादा मांडायचे ते मी चुलीपाशी बसूनच बघत होते, म्हणजे सगळंच्या सगळं उलटं. सामना बघून घरी आले की मी दर वेळी त्यांना सांगायचे, “तुमचं कोणी ऐकत नाही. तुम्ही त्याला इकडे ठेवला होतात, तो सगळा वेळ तिकडेच होता.” ते हसायचे आणि म्हणायचे, “पोरं आहेत, चालायचंच.” मला वाटायचं, किती शांत स्वभाव. भाऊजी, त्यांना माहीत होतं. एकदा हाताला धरून आपल्या बाजूला बसवलं असतं तरी काम झालं असतं. पण मग फोडणी कोणी बघितली असती, असंही असेल. किंवा मी येऊन तक्रार करायचे, ते त्यांना आवडत असेल. विचारायची सोय नाही.

मी डोळे पुसत होते, तेवढ्यात मध्यंतर झालं आणि पोरं आली. हाबुल म्हणाला, “काकी, आम्हाला वाटलं तुमचं चुकलं. मग म्हटलं, काकी आहेत, विचार करूनच केलं असेल. काय डाव टाकलात!” आता अशा वेळी खरं बोलणं योग्य की अयोग्य, यावर वाचनालयातली पुस्तकं वेगवेगळं सांगतात. मी म्हटलं, पाणी प्या.

पण मन खायला लागलं. उत्तरार्धात तो गुंड बाजू बदलून रफिकुलसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा मी उठले आणि ओरडले, “सुलटे व्हा!” अर्ध्यांनी ऐकलं, अर्ध्यांनी नाही. रफिकुल डावीकडे आला आणि मंटू आधीच तिथे होता. दोघंही एकाच बाजूला. मंटू ओरडतो, “तू जा!” रफिकुल ओरडतो, “काकींनी मला बोलावलंय!” तेवढ्यात आमच्यावर गोल झाला. बाकाच्या मागून कोणीतरी म्हणालं, “मावशी, भाजी चिरा आता!” मी वळून म्हटलं, “ये घरी, तुझ्यापासून सुरू करते.” (नंतर कळलं, तो कुंडूबाबूंचा जावई.)

आता डाव म्हणजे काय, हे मला त्या शेवटच्या दहा मिनिटांत समजलं. सामन्याआधी प्रत्येक जण सेनापती असतो. चहाच्या टपरीवर आमचा संघ कधीच हरलेला नाही. चेंडू हलला की डाव म्हणजे पाहुणे आल्यावर ठरवलेला स्वयंपाक: घरात काय आहे ते बघायचं आणि तोंड हसरं ठेवायचं. आमची दोन माणसं एका बाजूला, म्हणून त्यांची चार त्यांच्यामागे. दुसरी बाजू ओस. तिथे आमचा गोपाळ उभा होता. गोपाळ बचावाचा बटाटा, त्याचं तिथे काही काम नव्हतं. (मी नंतर विचारलं. म्हणाला, “काकी, तिथे सावली होती.”) चेंडू कोणाच्या तरी पायाला लागून त्याच्याकडे घरंगळत आला. गोपाळने आजूबाजूला बघितलं, कोणाला द्यावा असं कोणी दिसलं नाही, म्हणून त्याने तो जाळ्यात टाकला. दोन–एक. पोरांनी मला बाकासकट उचललं. मी खाली ठेवा म्हणत होते आणि त्याच वेळी नदीपलीकडे बघत होते. दादा असते तर तुम्हाला लगेच फोन करून टोमणा मारला असता.

तर हे असं. रविवारच्या सामन्यासाठी मी काय ठरवलं आहे, ते अर्थातच लिहिणार नाही. एवढंच सांगते, की रफिकुल पुन्हा उजवीकडे खेळेल, गोपाळला आम्ही पुढे घेतलं आहे, आणि हाबुलचं मनगट दुखावल्यामुळे उंच चेंडू त्याला जड जातात. घरचं माणूस म्हणून सांगितलं. अनिमाला आशीर्वाद. गुडघ्याला मोहरीचं तेल कोमट करून लावा, गरम नाही.

तुमची वहिनी,
कणिका

ता.क. रफिकुल, गोपाळ आणि हाबुलच्या मनगटाबद्दल वर जे लिहिलं ते सगळं खोटं आहे. किंवा त्यातलं एक खरं आहे. तुमचे दादा शेजारी बसवून तुम्हाला खेळ शिकवत होते तेव्हा मी समोर बसून तुम्हा दोघांना बघत होते, त्यामुळे तुम्ही यातलं काय खरं मानाल तेही मला साधारण माहीत आहे.

ता.क. पुन्हा. मी पोरांना एखादा सामना जिंकून देऊ शकते. खेळ शिकवू शकत नाही, दोन्ही वेगळं आहे. तुमच्याकडे शिक्षण आहे, कागद आहे, आणि दादांनी ज्या बाजूने खेळ बघितला त्या बाजूने बघणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. रविवारी तुम्ही जिंकलात तर शील्ड मिळाली, जाह्नवीत करण्यासारखं काही उरलं नाही. हरलात तर एका म्हातारीकडून हरलेला प्रशिक्षक ते ठेवणार नाहीत. कसंही झालं तरी सोमवारी तुम्ही मोकळे आहात. घरात पाऊल ठेववत नसेल तर घाटावरून सरळ मैदानावर या. लुची मी डब्यात घालून तिथेच आणीन.

ता.क. शेवटचा. लीगच्या कचेरीत नाव मी मंगळवारीच देऊन आले. कारकुनाने विचारलं, त्यांची संमती आहे ना? मी म्हटलं, हो, पत्र आलंय. तेव्हा आता तेवढं पत्र पाठवा.