थोरलीच्या शेजारी

५ जून
पोचले एकदाची! वेधशाळेचा ड्रायव्हर टेकडीवर बॅगांसकट सोडून गेला. बाई दारातच उभ्या होत्या: इथल्या प्रमुख, उंच, लालबुंद चेहऱ्याच्या, गडगडाटी हसणाऱ्या. मला पाहून म्हणाल्या, हे पाप्याचं पितर वाऱ्याने उडालं तर मी कुठे शोधू? इतक्या वर्षांच्या आजारपणानंतर माझी पहिली नोकरी. दादा सोडायला येणार होता, पण हल्ली त्यालाच जिना चढवत नाही. माझी सेवा करून झिजला बिचारा.

९ जून
काम आवडलं. पावसाळ्यात दुर्बीण बंद असते, पण तिने आधी काढलेले फोटो ढिगाने आहेत. बाई आणि मी एकाच टेबलाशी बसून त्यांवरून एका ताऱ्याचं तेज मोजतो. तांबडा राक्षसी तारा आहे. वर्षभरात फुगतो, आक्रसतो, पुन्हा फुगतो. त्याच्याभोवती एक श्वेत बटू तारा फिरतो, पृथ्वीएवढा चिमुकला, स्वतःचं इंधन कधीच संपलेला. तो मोठ्याचा वायू ओढून घेतो. बाई त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. थोरलीला कळत नाही का, असं विचारलं, तर म्हणाल्या, तिच्याकडे रग्गड आहे गं, जातं थोडं तर जाऊ दे.
काल गोळीशिवाय झोप लागली.

२८ जून
सपाटून भूक लागते. टेकडी चढून आले, धापसुद्धा लागली नाही. गालांवर रंग आलाय.
बाईंचे गाल मात्र बसलेत, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. डॉक्टरांना काही सापडलं नाही. इथली हवा तुला मानवली आणि मला बाधली, म्हणून हसल्या. हसताना खोकला आला.

१४ जुलै
वहिनीचा फोन. दादा ठणठणीत झालाय, जिने चढतोय, दोन वेळा पोटभर जेवतोय. तू गेलीस आणि आठवड्यात, असं म्हणता म्हणता ती अडखळली. दोघींना एकाच वेळी कळलं. फोन ठेवल्यावर आरशात पाहवेना. हे गुटगुटीत तोंड कुणाकुणाचं आहे?

१८ जुलै
बाईंना काही न सांगता मी माझं काम पलीकडच्या खोलीत हलवलं होतं. दोन दिवसांत बाईंचा आवाज पुन्हा गडगडू लागला आणि मला ताप भरला. आज मीच कामातली एक खोटी शंका काढून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांना किती आनंद झाला! खुर्ची पुढे ओढून दिली. संध्याकाळी माझा ताप उतरला.
बांडगूळ. दुसरा शब्द नाही.

२२ जुलै
आज निघायचं ठरवलं होतं. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. हॉर्न वाजला आणि मी न्हाणीघरात कडी लावून बसले. तो ताई, ताई करत सगळीकडे शोधत होता. तोंडावर हात दाबून बसले, चोरासारखी. गाडी गेली.
मग बाईंकडे गेले. जेवायला.

२५ जुलै, सकाळ
बाई पडल्या. मी एकटीने त्यांना उचललं. एवढ्या मोठ्या बाई — उशीएवढं वजन. ड्रायव्हर डॉक्टरांना आणायला गेलाय. जाताना मला बजावून गेला, क्षणभरही त्यांच्यापासून हलू नका.

दुपार
त्यांनी डोळे उघडले. “तुझी चूक नाही गं,” म्हणाल्या. “पण जरा लांब बस.”
बसते म्हणाले. उठले. खुर्ची ओढली —
जवळ.

नंतर
ओठ हलताहेत. आवाज नाही. माझा हात त्यांच्या हातावर आहे. काढते. आता काढते. लाज वाटते, मरणाची लाज — तरी किती बरं वाटतंय —

आता डोळेही मिटले. हात गार. काहीच उरलं नाही. आणि मला अजून भूक

गाडी आली. जिन्यावर पावलं. ड्रायव्हर पुढे आहे, धडधाकट माणूस, पायऱ्या गाळत चढतोय. आत येऊ नका म्हणून ओरडायला हवं. तोंड उघडलंय, पण मी —