मनगटाची लाल चिंधी

३ मार्च

तीर्थस्वरूप मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीला अखेर शिडी चढता आली. इथे कारखान्यात मशीनला हुकूम देतात ते संगणकावरच्या शिडीच्या चित्रातून. दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या. पायरीवर डावीकडे अटी, उजव्या टोकाला मोटर. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की मोटर फिरते. वायरमन असताना तू वहीच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवायचास, तेच हे.

आमच्या पत्रा दाबायच्या मशीनला 'दार बंद' अशी एक अट आहे. दार उघडलं की मशीन थांबतं. ते चालवणाऱ्या काकांना मी ऐटीत सांगितलं, की दार उघडं असेल तर बिनधास्त हात घाला. आज चाचणीत ती अट सारखी आडवी येत होती, म्हणून ती पुरी झालीच आहे असं संगणकाला मानायला लावलं. तू दाराच्या स्विचला तारेचा तुकडा लावून दार चकवायचास ना, अगदी तसंच. उद्या पूर्ववत करीन.

मामीला नमस्कार.
तुझी बडबडी

९ मार्च

मामा, सा. न.

मी विसरले. काल अडकलेला पत्रा काढायला काकांनी दार उघडून हात घातला. दोन बोटं गेली.

सगळे म्हणतात, त्यांचाच हलगर्जीपणा. काकाही तेच म्हणतात. दवाखान्यात उलट त्यांनीच मला धीर दिला. माझी मान वर होईना. त्या गोंधळात मी अट गुपचूप पूर्ववत केली, आता चित्रात काही दिसत नाही. वीस तारखेला चौकशी आहे. गप्प राहिले तर त्यांची नोकरी जाईल, बोलले तर माझी. मला स्वतःची लाज वाटते. आईला यातलं काही माहीत नाही. काय करू, कळव.

यानंतरही लोभ उरला असेल, तर ठेव.
बडबडी

१३ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

काय करायचं ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर मला विचारलंस.

पण अपराधी तू एकटी नाहीस. दार चकवलं की मी मनगटाला लाल चिंधी बांधायचो. तार काढल्याशिवाय ती सोडायची नाही. एकदा तशीच घेऊन घरी आलो, तर तुझ्या मामीने चहासुद्धा न देता दारातून परत पाठवलं. तुला तारेची गंमत दाखवली आणि चिंधीचं सांगायचं राहिलं.

हे कुठे शिकलीस असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांग. एकोणीसला मी येतोय. काकांची माफी मलाही मागायची आहे.

लोभ होता तिथेच आहे.
मामा

ता. क. सोबत चिंधी पाठवली आहे. मिळताच बांध. चौकशीत सगळं सांगून होईपर्यंत सोडू नकोस.