दिवंगत मांत्रिकाच्या नावे जमा झालेले माझे चारित्र्य

प्रति,
मा. चारित्र्य पडताळणी अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला
(टेबलाचा एक पाय विटेवर आहे ती खोली)

विषय : कवटीवाले यांच्या चौकशी अहवालात चुकून गेलेले माझे चारित्र्य रविवारपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपला अहवाल, पाने चार, तसेच खिडकी क्रमांक तीनवरील बाईंचे तोंडी उत्तर.

महोदय,

मी चष्म्याच्या दुकानातील कारागीर असून आईसह वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहतो. याच खोल्यांत एकशे बारा वर्षांपूर्वी कवटीवाले वारले. टेबलावर कवटी ठेवून ते मेलेल्यांशी बोलत, असे म्हणतात. चौकाला त्यांचे नाव द्यावे, असे भक्त मंडळाचे म्हणणे. तो भोंदू होता, त्याचे नाव गटारालाही देऊ नये, असे निषेध मंडळाचे. हा तंटा मिटावा म्हणून आपण कवटीवाल्यांच्या चारित्र्याची चौकशी लावलीत, ते योग्यच झाले. पुढचे मात्र माझ्या अंगाशी आले आहे.

१. चौकशीसाठी पहारेकरी भरतीचा छापील नमुना वापरण्यात आला. त्यातील नियमाप्रमाणे निरीक्षकसाहेब संबंधिताच्या शेवटच्या पत्त्यावर आले. मी दुकानात, आई दवाखान्यात, दाराला कुलूप. साहेबांनी नोंद केली : "संबंधित व्यक्ती घरी आढळली नाही. कामावर गेल्याचे समजते."

२. मग साहेबांनी शेजाऱ्यांना विचारले, "वरच्या मजल्यावरचे गृहस्थ माणूस म्हणून कसे?" शेजाऱ्यांनी जीव ओतून उत्तरे दिली. खालच्या शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, "हाताला गुण आहे हो! माझी गेलेली नजर पाच मिनिटांत परत आणली." (चष्म्याची काडी निखळली होती.) समोरचे आजोबा म्हणाले, "महाशिष्ट! ओली छत्री माझ्या दारात झटकतो. दहादा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ." त्यांच्या सूनबाईंनी भर घातली, "आणि बंद खोलीत एकटाच कुणाशी तरी बोलतो." (लग्नासाठी पाहिलेल्या मुलीच्या वडिलांसमोर काय बोलायचे, त्याची तालीम चालू होती.)

३. हे सर्व कवटीवाल्यांच्या नावे छापून आले. भक्त मंडळाला नजर परत आणल्याचा पुरावा मिळाला. निषेध मंडळ त्यालाच नजरबंदी म्हणते. छत्रीवरून तर भक्तांनी पावसावरही त्यांची सत्ता असल्याचे ठरवले. आता दोन्ही मंडळे आमच्या जिन्यात बसतात. आई दोघांनाही चहा देते. तंटा आहे तिथेच आहे, साखर तेवढी संपली.

४. मुलीचे वडील निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते म्हणाले, "आपण कसे आहोत हे ज्याचं त्यानं सांगायचं ठरलं, तर जगात नापास कोण होईल? चारित्र्याचा दाखला आणा, शिक्क्यासह. रविवारी दहापर्यंत. नाहीतर दुसरं स्थळ आहेच." मी खिडकी क्रमांक तीनवर गेलो. तेथील बाई रजिस्टर चाळून म्हणाल्या, "तुमच्या पत्त्यावरचं चारित्र्य देऊन झालंय, भाऊ. एका घराला दोन-दोन कुठून आणू?" मी म्हणालो, ते गृहस्थ वारले आहेत. बाई म्हणाल्या, "मग त्यांनी परत केल्याची पावती आणा."

५. कवटीवाल्यांचा खरा निवाडा व्हावा म्हणून एक वही सोबत जोडत आहे. ती आमच्या भिंतीतल्या कपाटामागे सापडली. बरीचशी पाने खोकला आणि गळके छप्पर यांबद्दल आहेत. एका पानावर मात्र असे आहे : "ती बाई आज पुन्हा आली. कवटी काही बोलली नाही, कधीच बोलत नाही. मीच सांगितलं, मुलगा सुखात आहे, तुझी आठवण काढतो. रडायची थांबली." पुढच्याच पानावर, त्याच युक्तीने एका विधुराचे भिंतीवरचे घड्याळ लाटल्याची कबुली आहे. घड्याळ आमच्याकडे अजून चालते. तेव्हा माणूस चांगला की वाईट, हे मला ठरवता आले नाही. दोन्ही मंडळांना मात्र वही न वाचताच ठरवता आले आहे.

६. आणखी एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. निरीक्षकसाहेब आले त्या दिवशी आई दवाखान्यातून परतली आणि चप्पल न काढताच खुर्चीवर बसून राहिली. डॉक्टर काय म्हणाले, ते सांगेना. मग मीच सांगितले, "आई, माझं लग्न ठरलं." तेव्हापासून ती गुणगुणते आहे.

सबब विनंती की, छत्री, काडी व बडबड माझ्या नावे वर्ग करावी. कवटीवाल्यांचा निवाडा वहीवरून करावा. आणि त्या बाईला खोटे सांगितल्याबद्दल त्यांना जो शेरा मिळेल, तोच मलाही द्यावा, कारण त्या एका विषयात आम्ही एकाच वर्गात आहोत. त्यांच्या निकालाला आणखी शंभर वर्षे लागली तरी ते थांबतील. माझा रविवारी दहापर्यंत लागावा.

आपल्या शिक्क्याकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
वरच्या मजल्यावरचा, सध्या हयात

दिनांक : गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत

सोबत :
१) वही, एक.
२) छत्री आता झटकत नसल्याचे आजोबांचे पत्र. ("दोन दिवस झाले, बघू किती टिकतं" असा त्यांचा शेरा आहे.)
३) घड्याळ आणलेले नाही. विधुराचे वारस आल्यास हजर करीन.

ता. क. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवावे. घरी आलेली पत्रे आई फोडते.