दुसऱ्याच्या बोयाला हात

प्रिय शादलिया,

काल तू बाबांचा निरोप घ्यायला आलीस तेव्हा मी घरातच होते. बाबांनी सांगितलं, मबरूका शेजारी गेली आहे. ते खोटं बोलले नाहीत, मीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. मी स्वयंपाकघरात जवाचं पीठ मळत होते, आणि ते इतकं मळलं की त्याची भाकरी दगडासारखी झाली. तू तुझा तो पाण्यावर तरंगणारा बोया बोटीवर चढवून सफाक्स शहराला निघालीस, हे मला खिडकीतून दिसलं. तुला वाटत असेल, मासे मेले म्हणून मी रागावले आहे. गावातल्या सात घरांचे मासे मेले, त्यातले आमचेही होते, पण मी त्यासाठी रागावलेले नाही. गुरुवारी कोर्टात सुनावणी आहे, त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं म्हणून बुधवारच्या पहिल्या बोटीने पाठवते आहे. कृपा करून शेवटपर्यंत वाच. मध्येच रडू आलं तर रड, पण वाच.

तुझी-माझी मैत्री कधीपासूनची, हे मला सांगता येत नाही. तुमच्या दाराचा कडीकोयंडा मोडला की तुम्ही आमच्याकडे झोपायला यायचात, एवढं आठवतं. शाळेत गणितात मी पहिली आणि तू दुसरी. हे मी कधी विसरले नाही, तू विसरली असशील. आई गेली त्या वर्षी मी शाळा सोडली, आणि तू निळी पिशवी खांद्याला लावून पुढे शिकायला सफाक्सच्या बोटीत चढलीस. धक्क्यावर मी हात हलवला. सगळे म्हणाले, किती मनाची मोठी पोर आहे. अगं, मनात मी म्हणत होते, हिला बोट लागू दे, उलट्या होऊ दे, आणि ही परत येऊ दे. तू परत आलीस खरी, पण वीस वर्षांनी आणि इंजिनियर होऊन.

मला काय मिळालं होतं, तेही सांगते. मला बाबा मिळाले होते. त्यांना मुलगा नाही, म्हणून ते मला नावेत घेऊन जात. आमच्या वाट्याच्या समुद्रात, पणजोबांच्या नावाचा कागद आहे ना, तिथे मासे अडकवायच्या सापळ्याच्या, खजुराच्या झावळ्यांच्या कुंपणापाशी नाव थांबवून म्हणायचे, "चाख बघू लेकी. काय म्हणतो समुद्र?" मी बोट बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची. पाणी गढूळ होणार, शेवाळ कुजलंय, किनाऱ्यावरच्या मासळीच्या कारखान्याने टाक्या धुतल्यात, हे मला जिभेवर कळायचं. कारखान्याच्या पाण्याला साबणासारखा कडवटपणा असतो. बाबा कॅफेत बसून सांगायचे, "तुमच्या घरी पोरगे आहेत, माझ्या घरी जीभ आहे!" लोक हसायचे. मी चाळिशीची झाले तरी त्या एका वाक्यावर माझी घरातली सगळी कामं उरकायची.

मग दोन वर्षांपूर्वी तू तो पिवळा डबा, म्हणजे तुझा बोया, घेऊन आलीस. खायच्या तेलाचा रिकामा डबा, आत मोबाइलची बॅटरी, झाकणावर तळहाताएवढी सौरपट्टी आणि खाली लोंबणाऱ्या दोन-तीन कांड्या. पाण्याची ऊब, पाण्यातला प्राणवायू, गढूळपणा, सगळं मोजून दर तासाला फोनवर बिनतारी निरोप पाठवणारा. गावातले लोक आधी फिदीफिदी हसले. "शादलिया, यात तेल शिल्लक आहे का गं, बायको विचारतेय!" असं बाजूच्या सालेमने विचारलं, आणि तू म्हणालीस, "तेल संपलं, आता अक्कल भरलीय." सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. तेव्हाच मला मिरची झोंबली होती.

बाबांना हल्ली बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तू निरोप वाचायचा न ठेवता ऐकायचा केलास. आणि आवाज कुणाचा घातलास? तुझा! रोज सकाळी, मी चहा ठेवायच्या आधी, माझ्या घरात तुझा आवाज. "खमिसकाका, पाणी चांगलं आहे." बाबा फोन कानाला लावून लहान मुलासारखे हसायचे आणि मला सांगायचे, "शादलिया म्हणतेय, आज जायला हरकत नाही." जणू मी बहिरी आहे. त्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही समुद्र चाखायला सांगितलं नाही. रागाने नव्हे, आठवणच राहिली नाही. राग असता तर मी भांडले असते. आमच्या घराची हिरवी चिंधी, जी खूण म्हणून आमच्याच बोयांना बांधतात, ती बाबांनी स्वतःच्या हाताने तुझ्या डब्याला बांधली. माझ्याशी लग्न करायला आलेल्या माणसाला त्यांनी ती चिंधी शिवूसुद्धा दिली नव्हती. मी जळले, शादलिया. आडपडदा कशाला ठेवू? अंगात ताप यावा तशी जळले.

तुला आमच्याकडचं ते जेवण आठवतं का? मी ऑक्टोपसचं कुसकुस केलं होतं. तू सांगत होतीस की बोया स्वस्त व्हावा म्हणून तू त्यातला ठावठिकाणा सांगणारा भागच काढून टाकलास. "तो भाग महाग आहे, आणि इथे लागतो कशाला? या बेटावर दुसऱ्याच्या बोयाला कोण हात लावतो?" बाबा म्हणाले, "तसा माणूस इथे जन्माला यायचाय." खरंच आहे. आपल्याकडे घरात शिरलेल्या चोराला एखादे वेळी माफ करतील, पण दुसऱ्याचा बोया हलवणाऱ्याच्या घरी कुणी सोयरीक करत नाही. तू इतक्या विश्वासाने बोललीस, आणि मी तुझ्या मागे डाव घेऊन उभी होते. रस्सा वाढत होते तुला.

ईदच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ओहोटीला मी टोपली घेऊन तिसऱ्यांचे शिंपले काढायला गेले. बाकीच्या बायका भट्टीवर मिठाई भाजत होत्या. पाणी कमरेपर्यंतही नव्हतं. मी तुझ्या बोयाला नांगर म्हणून बांधलेला दगड उचलला, डबा छातीशी धरला आणि दोनशे पावलं उत्तरेला चालत गेले. तिथे खाडीच्या वाटेने मोठ्या समुद्राचं ताजं पाणी येतं, तिथलं पाणी कधीच खराब होत नाही. तिथे दगड टाकला. मला मासे मारायचे नव्हते, अल्लाची शपथ. मला फक्त एवढं हवं होतं की एका सकाळी तुझा आवाज चुकावा आणि माझी जीभ खरी ठरावी. दुसऱ्याच दिवशी परत ठेवणार होते. पण ईदचे पाहुणे आले, मावशी आली, आणि ते राहिलं.

ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर भांडी घासायला गेले आणि सवयीने बोट तोंडात घातलं. कडू. साबणासारखं कडू. सुट्टीत कुणाचं लक्ष नाही हे बघून कारखान्याने सगळ्या टाक्या एकदम सोडल्या होत्या. मी धावत घरी आले. "बाबा, सापळ्यातले मासे आत्ता काढा, सगळ्यांना सांगा." ईदनंतर बाजार उघडेपर्यंत सातही घरांनी मासे सापळ्यातच जिवंत ठेवले होते. बाबांनी फोन कानाला लावला. "खमिसकाका, पाणी चांगलं आहे." ते म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच! शादलियाला विचारलंय मी." तेव्हा माझ्या तोंडात एक वाक्य होतं. बाबा, बोया मी हलवलाय. एवढंच बोलायचं होतं. सगळे मासे वाचले असते. पण 'शादलियाला विचारलंय' हे ऐकून मी ओठ मिटले आणि मनात म्हटलं, ठीक आहे, मग तिलाच विचारा.

चौथ्या दिवशी दुपारी मी बोया होता तिथे आणून ठेवला. तोवर घाण ओहोटीबरोबर निघून गेली होती. पाचव्या दिवशी माणसं सापळ्यांवर गेली आणि पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे घेऊन आली. बाबा कॅफेत उभे राहून ओरडले, "यंत्र खोटं बोललं, माझी मबरूका खरं बोलली!" आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. मेलेल्या माशांचा वास गावभर सुटला होता आणि मी दोनदा वाढून घेतलं. ही गोष्ट मी अजून स्वतःलाही नीट सांगितलेली नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तू आमच्या उंबऱ्यावर बसून तो डबा उघडलास, एकेक तार तपासलीस, दोष सापडेना, तरी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांना म्हणालीस, "चूक माझीच असणार." सात घरांनी कारखान्यावर दावा लावला, तर कारखान्याच्या वकिलाने तुझीच नोंद हातात धरली. बघा, यांचंच यंत्र म्हणतं त्या चार दिवसांत पाणी स्वच्छ होतं, मग मासे आमच्यामुळे कसे मेले? गुरुवारी हेच धरलं गेलं तर सात घरांना काही मिळायचं नाही, कारखान्याची नळी तशीच वाहील, आणि तुझ्या बोयांवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. बाबा आता मला रोज नावेत नेतात. "चाख बघू," म्हणतात. मी चाखते, सांगते, आणि ते मान हलवून दुसरीकडे बघतात. मला हवं होतं ते सगळं मिळालं आहे आणि त्यात काही म्हणता काही गोडी नाही.

हे पत्र मी तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही. माफी घरी बसूनही मागता आली असती. हे गुरुवारी न्यायाधीशांपुढे मोठ्याने वाचून दाखव. दिवस, वेळ, किती पावलं, कुठल्या दिशेला, सगळं मी मुद्दाम लिहिलं आहे. माझ्या जळण्याचे परिच्छेद लाजेखातर गाळू नकोस. वकील पहिलाच प्रश्न विचारील की बेटावरची बाई दुसऱ्याच्या बोयाला हात का लावील, आणि त्याचं उत्तर तेवढंच आहे. बाबा पुढच्या बाकावर असतील. त्यांना समोरासमोर सांगायला मला जमलं नाही. मी मागच्या रांगेत असेन. लिहिणारी कोण म्हणून विचारलं की उठून उभी राहीन. नंतर सगळे तुझ्याभोवती जमतील, बाबाही जातील, आणि तेव्हाही मला तुझा हेवाच वाटेल, कारण तू चुकलेली नव्हतीस. तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस. मला माफ केलंस तरी ते लोकांसमोर करू नकोस, शादलिया. तुझं तेवढं मोठेपण मला सहन व्हायचं नाही.

तुझीच, आणि या कागदापुरती कोर्टाचीही,
मबरूका, खमिसची मुलगी