एका बाटलीच्या सवती

मंगळवार, ४ मार्च

अकरावं इंजेक्शन झालं! उरली सात. माझं वजन अठ्ठेचाळीस किलो सातशे, सवतीचं पन्नास. सिस्टरने काटा पाहिला आणि हात उंचावला — "पास! दोघी पास!"

आमचं गणितच असलं विचित्र. औषध वजनावर देतात. दोघींचं मिळून नव्व्याण्णवच्या आत राहिलं तर एका बाटलीत दोघींचं भागतं. काटा वर गेला की दुसरी बाटली फोडायची. आणि फोडलेली बाटली इथे दुसऱ्या दिवसाकरता ठेवत नाहीत, उरलेलं सरळ टाकतात. पूर्ण बाटली म्हणजे यांचा दोन महिन्यांचा पगार — तोही लिफ्टच्या दुरुस्त्यांचा ओव्हरटाइम धरून! पहिल्या दोन मी एकटीने घेतल्या. त्यात स्कूटर गेली, तीन खोल्यांचं घर गेलं, आणि आम्ही तिघं या हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका खोलीत आलो. मग सिस्टरनेच जोडी जमवली. म्हणाली, "दुसरी एक बाई आहे, तुझ्यासारखीच काडी. वेळही जुळतेय."

ती काडी म्हणजे शाळेची बस चालवणारी बाई. आवाज असा की अख्खा वॉर्ड वळून बघतो. पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवर बसत म्हणाली, "म्हणजे आपण दोघी एका बाटलीच्या सवती की!" तेव्हापासून तेच नाव. मी तिची, ती माझी.

रविवार, ९ मार्च

भूक परत आली! खरी भूक — आतून ओढणारी. लेकीने अंडी उकडली, बटाटे लोण्यात परतले. मी पातेलं पुसून खाल्लं. लेक नुसती बघत बसली. डोळे भरले तिचे, म्हणाली, "आई, अजून करू?" नाही म्हणवेना.

गुरुवार, २० मार्च

पुन्हा अंडी. पुन्हा लोणी. कामावर, चष्म्याच्या दुकानात, फ्रेममध्ये काच बसवताना हात थरथरला नाही आज. मालकांनीही पाहिलं. नुसती मान हलवली.

मंगळवार, २५ मार्च

बारावं. झालं ते चांगलं नाही झालं.

माझं वजन पन्नास किलो नऊशे. सिस्टरचा चेहरा पडला. मग सवत काट्यावर चढली — अठ्ठेचाळीस. बेरीज अठ्ठ्याण्णव नऊशे. काठावर निभावलं! मला सुटल्यासारखं वाटलं, मी हसले. तीच चूक झाली.

"हसतेस काय? मी दोन किलो उतरले म्हणून निभावलं. पुढच्या वेळी कोण उतरणार? तुझ्या अंड्यांपायी माझी बाटली जायची!"

सगळ्यांसमोर. मी काय चोरून खाते? वर्षभर घशाखाली घास उतरत नव्हता, आता कुठे चव कळायला लागली तर तीही मोजून घ्यायची! मीही फणकारले, "मग उतर की अजून! तुला कोण अडवतंय?"

दोघींनी तोंडं फिरवून सुया टोचून घेतल्या. नंतर डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. एरवी आम्ही एकमेकींसाठी थांबतो, फाटकापर्यंत बरोबर जातो. आज मी थांबले नाही.

मंगळवार, १ एप्रिल

फोन केला. उचलला नाही. बरं!

शनिवार, ५ एप्रिल

तीनदा केला. मग एवढंच लिहून आलं — "बरी आहे. तू वजन सांभाळ." बघा! अजून तेच.

मंगळवार, १५ एप्रिल

तेरावं. शेजारची खुर्ची रिकामी.

सिस्टरला विचारलं. ती सुई शोधत होती, वर न बघता म्हणाली, "तिने सकाळची वेळ घेतलीय. येऊन गेली." काउंटरवर तिचे अर्धे पैसे जमा होते, माझे अर्धे मी भरले, हिशेब चुकता. फक्त माणूस नाही.

दोन तास ठिबकत बसले. एरवी ते दोन तास कसे जायचे कळायचं नाही. बसमधल्या पोरांच्या गोष्टी सांगायची ती. एक पोरगी रोज उतरताना तिच्या हातात पेन्सिलीचा तुकडा ठेवते म्हणे, भाडं म्हणून! आणि आमचे बेत. अठरावं झालं की दोघींनी रिकामी बस घेऊन जायचं, जिकडे रस्ता नेईल तिकडे. ती चालवणार, मी मागच्या लांब सीटवर आडवी. मी म्हणायचे, डिझेल कोण भरणार? ती म्हणायची, "सवतीच्या वाट्याचं सवत."

मला ती हवी आहे. बस, एवढंच. यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तिची सोय असेल सकाळची." पुरुषांना काय कळतं!

बुधवार, १६ एप्रिल

ठरलं. राग माझ्या वजनाचा आहे ना? वजन उतरवते. सत्तेचाळीसवर आणते. मग बघू कशी येत नाही दुपारची.

गुरुवार, २४ एप्रिल

सकाळी चहा. दुपारचा डबा दुकानातल्या पोरींना वाटते. रात्री लेकीसमोर दोन घास. "आई, तू खात नाहीस!" — खाल्लं की बाळा दुकानात.

खोटं बोलताना तिच्याकडे बघत नाही.

मंगळवार, ६ मे

चौदावं. अठ्ठेचाळीस किलो दोनशे! मी सिस्टरला म्हटलं, "सकाळवालीला सांगा. बेरीज किती झाली तेही सांगा." सिस्टर काहीतरी बोलणार होती, पण फोन वाजला म्हणून गेली. एक चिठ्ठी लिहून तिच्या टेबलावर ठेवली — "उतरले बाई. आता ये." सवत अशी सही केली.

शुक्रवार, ९ मे

चिठ्ठीला उत्तर नाही.

तिचं घरही मला ठाऊक नाही. आठ महिने होत आले ओळखीला आणि पत्ता विचारला नाही कधी! दर तीन आठवड्यांनी भेट ठरलेलीच, कशाला विचारायचं. आता शाळा सुटायच्या वेळी दुकानाच्या दारात उभी राहते. या रस्त्याने शाळेच्या बस जात नाहीत, माहीत आहे. तरी राहते.

सोमवार, १९ मे

काच घासताना डोळ्यांपुढे अंधारी आली. टेबल धरलं म्हणून वाचले. महागाचा नंबर होता, काचेला ओरखडा. मालकांनी पगारातून कापणार नाही म्हटलं, पण आज लवकर घरी पाठवलं. लवकर घरी म्हणजे अर्धा दिवस कापला, हे काय मला कळत नाही?

मंगळवार, २७ मे

सेहेचाळीस किलो नऊशे. मी जिंकल्यासारखं सिस्टरकडे बघितलं. ती काट्याकडे बघत राहिली.

मग रक्ताचा रिपोर्ट. डॉक्टर संतापले — "रक्त एवढं कसं उतरलं? हे असंच चाललं तर मी इंजेक्शन थांबवेन. आज देत नाही. आठ दिवस नीट जेवा, मग या." पंधरावं लांबलं! औषधासाठी घर विकलं आणि मीच ते माझ्या हाताने थांबवलं.

सिस्टरने दंडाला धरून औषधांच्या खोलीत नेलं. "खरं सांग. काय करतेस तू?" सांगितलं सगळं. भांडण, वजन, डबा, चिठ्ठी. मला वाटलं ओरडेल. ती स्टुलावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. म्हणाली, "उद्या सकाळी ये. माझी ड्युटी सुटल्यावर. आणि येताना पोटभर खाऊन ये, तुला तुझ्या लेकीची शपथ आहे."

बुधवार, २८ मे

सकाळची वेळ वगैरे काही नाही. त्याच दिवशी, मी तणतणत निघून गेल्यावर, डॉक्टरांनी तिला आत सांगितलं — आजार यकृतात पोचलाय, या औषधाचा आता उपयोग नाही. बारावं तिचं शेवटचं. तेव्हापासून बाटली माझ्या एकटीची आहे, उरलेलं सिस्टर ओतून टाकते. त्या दिवशी सवतीने बाहेर येऊन काउंटरवर पुढच्या सहाही बाटल्यांचे आपले अर्धे पैसे एकदम भरले. "माझ्यासाठीच साठवलेत, आता काय त्यांचं लोणचं घालू? तिला कळू देऊ नका. वाद घालत बसेल आणि इंजेक्शन चुकवेल."

मी तिला "उतर की अजून" म्हणाले होते.

पत्ता मिळाला. सिस्टर म्हणाली, अजून ओळखते माणसं, पण लवकर जा. निघाले.