हार घालायचा फोटो

मुरुड, सोमवार

चि. सौ. भागुबाईस थोरली बहीण ठमी हिचा आशीर्वाद. मी धडधाकट आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या बुधाजीरावांचा खोकला तळा गावच्या डॉक्टरने थांबवला, की खोकल्याने डॉक्टरला थांबवलं? फोनच केला असता, पण फोनवर तुला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. पत्र तुझा नातू गणराज घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो, म्हणून लिहिते.

तर सांगायचं असं, की भिंतीवर लावायचा माझा फोटो तयार झाला. (घाबरू नको. यंदाचे आंबे खाल्ल्याशिवाय मी कुठे जात नाही.) आमच्या ह्यांच्या वेळी घाईघाईत मतदानाच्या कार्डावरचा फोटो मोठा करून लावला, आणि अकरा वर्षं झाली, ओटीवरून ते असे बघतात जसं काय पोलिसाने आत्ताच धरून आणलंय. माझं तसं होऊ द्यायचं नाही. गणराजच्या हळदीत माझ्या नातीने, मृणालीने, तिच्या कॅमेऱ्यात माझा एक बरा काढला होता. पदर जागेवर, तोंड बंद. (तोंड बंद असलेला हा एवढाच, असं सून म्हणाली. ऐकून घेतलं. फोटो पाहिजे होता.)

आता कॅमेऱ्यातला फोटो कागदावर यायचा तर आधी कॉम्प्युटरमध्ये घालावा लागतो. वायर उंदराने खाल्लेली. मग मृणालीने कॅमेऱ्याच्या पोटातून नखाएवढं कार्ड काढलं. म्हणाली, "आजी, हे सांभाळ, सगळे फोटो यातच हायेत. हे घालायची डबी मी शेजारून घेऊन येते." मोलाची वस्तू मी कुठे ठेवते ते तुला ठाऊक आहे. पानाच्या चंचीत. तुझ्या लग्नात मंगळसूत्रसुद्धा माझ्या चंचीतूनच निघालं होतं. पण चुन्याची डबी नीट लागली नव्हती, आणि कार्ड बाहेर आलं ते दिवाळीला रंगवलेल्या भिंतीसारखं. चुन्याने जीभ भाजली की आपण काय लावतो? खोबरेल. तेच लावलं, अंगठ्याने चांगलं चोळून.

मृणाली आली. कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आजी, फोडणी राहिली काय?"

कॉम्प्युटर त्या कार्डाला ओळखच देईना. गणराजची अख्खी हळद त्यात, आणि पोरीने दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेली नाही. मी म्हटलं, "हळद गेली तर जाऊ दे, लगीन टिकलंय ना? माझा तेवढा काढ." पण तुला म्हणून सांगते, भीती एकच होती. पुन्हा मतदानाच्या कार्डावरच यायची पाळी. शेवटी तिने फडक्याने पुसलं, मग कार्डाचे पिवळे दात खोडरबराने घासले (त्याला दात आहेत, माझ्याहून जास्त), आणि चौथ्या खेपेला फोटो असे यायला लागले, जसं भाताच्या गोणीला भोक पडलंय.

मी त्यात दाराएवढी दिसले. खोट एकच, शेजारी तू. मृणालीने तुला कापून काढलं (राग मानू नको, एका हारात दोघी मावत नाहीत), पण तुझा हात माझ्या खांद्यावर राहिला. ती म्हणाली, "हा पण पुसते, पाच मिनटांचं काम हाय." मी म्हटलं राहू दे, बहिणीचा हात आहे.

आता मी निवांत आहे. वालाच्या शेंगा भरल्यात, मडक्यात भाजून पोपटी लावू, दोघं या. हळदीचे फोटो तेव्हा देते.

तुझी,
ठमी

ता.क. हात का राहू दिला ते लिहायचं राहिलं. मृणालीने तो मोठा करून दाखवला. मनगटात पाटली आहे, आणि तिला जात्याच्या खुंट्यावर आपटून माझ्या हातून पडलेला पोचा आहे. माझी हीच पाटली तू तुझ्या नातीच्या, अमिषाच्या बारशाला घालायला नेलीस आणि विहिरीत पडली म्हणून रडलीस. मी तुला तीन दिवस पेज भरवली होती. येताना घेऊन ये.

आणखी एक ता.क. पाटली आली की हात पुसायला सांगते. त्याआधी मी गेलेच, तर हार दुसऱ्या खांद्याकडे ओढून घालायचा, असं मृणालीला बजावून ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात नीट दिसला पाहिजे.