चांगल्या वर्षाचं उत्पन्न

४ मे
लेकीला पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. महिनाअखेरपर्यंत जागा पक्की करायची. खर्चाचं मी बघते, असं जाहीर केलं. ह्यांनी नुसता चष्मा पुसला. चष्म्यांचं दुकान चालवणारा माणूस दुसरं काय करणार!

५ मे, सकाळ
कॉलेजच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटर आहे. घरचं उत्पन्न घातलं, की कॉलेज किती मदत करेल आणि पदरचे किती जातील ते कळतं. पोरखेळ. दुकान उत्तम चाललं होतं त्या वर्षाचा आकडा घातला. लेक म्हणाली, अगं आई, त्याला अकरा वर्षं झाली! होईनात का. तापात मोजलेलं टेंपरेचर हे माणसाचं खरं टेंपरेचर नव्हे. हल्लीची वर्षं म्हणजे नुसता ताप.
काय दिवस होते ते! दुकान बंद करून हे मला आइसक्रीम खायला न्यायचे. न विचारता दोन स्कूप सांगायचे.

दुपार
उत्तर आलं. मदत : शून्य. यंत्राला माणसाची पारख नसते.

८ मे
जाऊबाईंचा फोन. त्यांच्या चिरंजीवांची निम्मी फी माफ. आम्ही आपलं खरं तेच भरलं हो, म्हणाल्या, त्यात कसली लाज? ती मुळात असावी लागते. घरात दोन सोफे आणि म्हणे गरजू! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, मोजा फाटका असला तरी चालेल, बूट चकचकीत हवेत. जाऊबाई बूट काढून मोजा दाखवणाऱ्यांतल्या.

९ मे
संकल्प : मदतीवाचून भागवायचं. टॅक्सी बंद. पार्लर बंद. केक बंद.

११ मे
केक आणला. खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. त्यांना मधुमेह. त्यांचाही मलाच खावा लागला.

१५ मे
कॉलेजच्या मदत विभागाला फोन. माझं इंग्लिश ऐकून पलीकडची मुलगी वरमेल असा अंदाज होता. ती शांतपणे म्हणाली, मॅडम, मदत गरज बघून मिळते, घराणं बघून नाही. घराण्याचा विषय मी फक्त दोनदा काढला होता.
खर्च पुन्हा मांडला. आधी नुसती फी धरली होती. लेक हॉस्टेलात राहील, तिथे जेवेल, हे सुटलं होतं. घरी तरी कुठे धड जेवते! पुस्तकंही सुटली होती. आणि पुढची चार वर्षं.

२० मे
लेक म्हणाली, नाहीच जमलं तर जागा सोडते, बाबांच्या दुकानात बसते. हसत म्हणाली. हसायचं कारण समजलं नाही.
मग शेजारणीच्या म्हाताऱ्या मांजराची नखं कापत बसली. माझ्यावर ते फिस्कारतं. तिच्या मांडीवर पाय पसरून पडलं होतं. शहाण्यासारखं.

२८ मे
अर्जात भरलेलं उत्पन्न दुरुस्त करायचं असेल तर पालकांनी उद्या कॉलेजच्या खिडकीवर यावं, असा निरोप. जाणार. मोत्यांचा सर घालून. परिस्थितीचा नुसता ओझरता उल्लेख करायचा. सुशिक्षित माणसाला इशारा पुरतो.

२९ मे
टॅक्सीने गेलो. खिडकीपुढे ही लांब रांग. आमची पाळी आल्यावर क्लार्कला म्हटलं, सध्या दिवस जरा वेगळे आहेत. तो म्हणाला, आकडा सांगा. म्हटलं, तसं आमचं काही अडलेलं नाही. लेकीने माझा हात धरला. तिचा तळवा गार पडला होता.
आकडा हळूच सांगितला. तो म्हणाला, ऐकू येत नाही, जोरात बोला.
मग शाळेत वक्तृत्वाला उभी राहायचे तशी उभी राहून, खणखणीत आवाजात, गेल्या वर्षाचा आकडा सांगितला. आता सगळी रांग माझ्याकडे बघत असणार, म्हणून मान ताठ ठेवून मागे वळले. एक बाई पोराचं नाक पुसत होती. दोघं मोबाइलमध्ये. एक गृहस्थ जांभई देत होते. कोणी साधं चुकचुकलंही नाही.
क्लार्कने टाइप केलं. फीचा मोठा भाग कॉलेज भरेल, हॉस्टेलही स्वस्तात मिळेल, जागा पक्की समजा, म्हणाला. लेक तिथेच माझ्या गळ्यात पडली. सर तुटता तुटता वाचला.
इतकी वर्षं सख्ख्या बहिणीलाही कळू न दिलेली गोष्ट. आणि तो मान वर न करता म्हणाला, बाजूला व्हा, पुढचे या.